विमा कंपनीला जबाबासाठी मुदत वाढवून द्यावी का?

प्रश्न : माझे भाटवे, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, आमच्या भागातील एका सूतगिरणीत सोळा वर्षे कायम कामगार होते. गिरणीने सर्व कायम कामगारांचा गट मुदत विमा काढलेला होता आणि त्यात त्यांच्या नावे सहा लाखांचे संरक्षण होते. मागील वर्षी जूनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. विमा कंपनीने 11 सप्टेंबरच्या पत्राने दावा नाकारला. विम्याचे नूतनीकरण 1 एप्रिलला झाले, त्या दिवशी ते आजारपणाच्या रजेवर होते, म्हणजे ‘प्रत्यक्ष कामावर हजर’ नव्हते, एवढेच कारण त्यात दिले आहे. बहिणीने यंदा मे महिन्यात यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात कंपनी आणि गिरणी या दोघांविरुद्ध तक्रार दाखल केली. वकील लावलेला नाही. तिचा प्रतिनिधी म्हणून पेशीला, म्हणजे सुनावणीला, मीच जातो. आयोगाची नोटीस कंपनीला 3 जूनला आणि गिरणीला 9 जूनला मिळाल्याचे पोचपावत्यांवरून दिसते.

आता कंपनीच्या वकिलांचा फोन आला. ते अतिशय सभ्यपणे बोलले. “वरच्या कार्यालयातून फाइल यायला वेळ लागतो आहे, 14 ऑगस्टपर्यंत जबाब देऊ, तोवर तडजोडीचेही पाहू, तुमच्या ताईंची ना हरकत पुरसिस तेवढी द्या,” असे त्यांचे म्हणणे आहे. पुरसिसचा, म्हणजे आयोगात द्यायच्या सहीच्या लेखी निवेदनाचा, मसुदा त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला, तो इंग्रजीत आहे. बहीण म्हणते की सही करून टाकू, तडजोडीचे बोलत आहेत तर त्यांचे मन कशाला मोडायचे. तालुक्याच्या कोर्टात काम करणारे ओळखीचे एक वकील म्हणतात की मुदत तर कोर्ट देतेच, आपण हो म्हटले काय अन् नाही म्हटले काय, सारखेच. पुढची पेशी 3 जुलैला आहे. सही द्यावी की देऊ नये?
— एक वाचक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : पेशी तोंडावर असल्याने आपल्याला थोडक्यात उत्तर आधीच कळवले होते. असाच प्रश्न अनेक कुटुंबांपुढे येतो, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

त्या मसुद्यावर बहिणीची सही देऊ नका. मात्र कंपनीला एक दिवसही वाढवून मिळू नये, असा हट्टही धरू नका. या दोन्हींच्या मधली जागा कायद्यानेच आखून दिलेली आहे आणि ती आपण नीट ओळखली पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याच्या कलम 38 प्रमाणे विरुद्ध पक्षाने नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत आपले लेखी म्हणणे द्यायचे असते, आणि आयोगाला योग्य वाटल्यास ही मुदत आणखी जास्तीत जास्त 15 दिवस वाढवता येते. 1986 च्या जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती. मात्र हे 45 दिवस म्हणजे ओलांडता न येणारी सीमा आहे की केवळ मार्गदर्शक आकडा, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या वेगवेगळ्या खंडपीठांची मते बरीच वर्षे वेगवेगळी होती. 2002 मध्येच एका निकालात ही तरतूद सैल मानली गेली आणि त्याच वर्षी दुसऱ्या, मोठ्या खंडपीठाने ती सक्तीची मानली. अखेर हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला आणि न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या प्रकरणात 4 मार्च 2020 रोजी त्यावर पडदा पडला. ग्राहक आयोगाला 30 अधिक 15 अशा एकूण 45 दिवसांपलीकडे लेखी म्हणण्यासाठी मुदत देण्याचा अधिकारच नाही, असे घटनापीठाने स्पष्ट सांगितले. आयोगाला जो अधिकार नाही तो आपल्या बहिणीच्या संमतीने निर्माण होत नाही. मुदत कायद्याने घातलेली असल्यामुळे दोन्ही पक्षांनी गोडीने ठरवले तरी ती ताणता येत नाही.

तालुक्याच्या वकीलसाहेबांनी जे सांगितले ते त्यांच्या रोजच्या अनुभवातून आले आहे, आणि दिवाणी कोर्टापुरते ते बव्हंशी खरे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 नियम 1 मध्येही 30 दिवस आणि कमाल 90 दिवस अशीच भाषा आहे. पण कैलाश विरुद्ध नन्हकू या 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत सक्तीची नसल्याचे म्हटले, त्यामुळे सबळ कारण असेल तर साध्या दिवाणी दाव्यात नव्वद दिवसांनंतरही कैफियत, म्हणजे प्रतिवादीचा लेखी जबाब, घेतली जाते आणि तिथे समोरच्याच्या ‘हरकत नाही’ या शब्दांना वजन असते. शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) वादात किंवा वाटणीच्या दाव्यात ज्यांनी आयुष्य काढले त्यांना मुदत ही मागितली की मिळणारी गोष्ट वाटते, यात नवल नाही. ग्राहक आयोग मात्र दिवाणी कोर्ट नाही. ज्याचा कमावता माणूस गेला त्याला पेशीमागून पेशी मोजत बसावे लागू नये, याच हेतूने इथली घड्याळे वेगळी लावली आहेत.

आता आपल्या प्रकरणातले दिवस मोजू. नोटीस मिळाली तो दिवस धरायचा नाही. कंपनीला 3 जूनला नोटीस मिळाली, म्हणजे तिचा पहिला दिवस 4 जून, तिसावा दिवस 3 जुलै आणि पंचेचाळिसावा दिवस 18 जुलै. गिरणीला 9 जूनला मिळाली, म्हणून तिचे 30 दिवस 9 जुलैला आणि 45 दिवस 24 जुलैला भरतात. दोन्ही विरुद्ध पक्षांची मुदत स्वतंत्रपणे चालते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वकीलसाहेबांनी मागितलेली 14 ऑगस्ट ही तारीख 18 जुलैच्या तब्बल 27 दिवस पुढे आहे.

या मोजणीत एक खाच आहे. घटनापीठाने असेही सांगितले आहे की 45 दिवस मोजायचे ते तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून. नुसती कोरी नोटीस मिळाल्याने मुदत सुरू होत नाही. म्हणून 3 जुलैला आयोगात लवकर पोहोचा, प्रकरणाची फाइल पाहण्याची परवानगी घ्या आणि नोटिशीसोबत तक्रार व दस्तऐवजांचा पूर्ण संच पाठवल्याची नोंद आहे ना, पोचपावतीवर कंपनीचा शिक्का आणि तारीख वाचता येते ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. “आम्हाला तक्रारीची प्रतच मिळाली नाही” असे पुढे ऐकावे लागले तर याच कागदावर उत्तर अवलंबून राहील. संच मिळाला नसल्याचे ते त्याच दिवशी म्हणाले, तर वाद न घालता एक प्रत आयोगासमोर त्यांच्या हाती द्या आणि तसे रोजनाम्यात, म्हणजे आयोगाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदवून घ्या. मग निदान त्या तारखेपासून तरी मुदत निर्विवाद सुरू होते.

त्या 15 दिवसांबद्दल माझे मत असे की त्याला विरोध करू नये. ती वाढ देणे आयोगाच्या अखत्यारीत आहे, कंपनीची फाइल खरोखरच दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात अडकलेली असू शकते, आणि पंधरा दिवसांनी आपल्या बहिणीचे काही बिघडत नाही. उलट तक्रारकर्ती समंजस आहे आणि तिचा आग्रह फक्त कायद्याच्या मर्यादेपुरता आहे, हे आयोगाला दिसलेले बरे. मात्र ती वाढ कंपनीने लेखी अर्ज करून आणि कारण देऊन मागितली पाहिजे. आपण आपली पुरसिस मराठीत, स्वतः लिहून द्यावी. मजकूर साधारण असा असावा : “विरुद्ध पक्ष क्रमांक 1 यांस लेखी जबाबासाठी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 मधील 15 दिवसांच्या मर्यादेपर्यंत मुदत देण्यास तक्रारकर्तीची हरकत नाही. त्यापुढील मुदतीस तक्रारकर्तीची संमती नाही. तडजोडीची बोलणी चालू असल्याच्या कारणावरून जबाबाची मुदत वाढवण्यास अथवा प्रकरण तहकूब ठेवण्यासही तिची संमती नाही.” त्याखाली बहिणीची सही आणि तारीख असावी. समजत नसलेल्या भाषेतल्या कागदावर, मग तो कितीही सभ्य माणसाने पाठवलेला असो, सही देऊ नये.

आयोगाला अधिकारच नाही, तर आपण ती संमती दिली तरी काय बिघडले, असे आपल्या मनात येईल. अडचण व्यवहाराची आहे. दोन्ही पक्षांची सही असलेला कागद समोर आला आणि कोणीच हरकत घेतली नाही, तर लांबची तारीख पडू शकते आणि उशिराचा जबाब फाइलला लागू शकतो. मग तो काढून टाकण्यासाठी वरिष्ठ आयोगाकडे धाव घेण्याची पाळी आपल्यावर येते, आणि तिथे पहिला प्रश्न हाच विचारला जातो की तुम्हीच तर संमती दिली होती. वकिली करताना असे एक प्रकरण मी जवळून पाहिले. एका विधवा बाईने तडजोडीच्या तोंडी आश्वासनावर आधी मुदत दिली आणि नंतर तक्रारच मागे घेतली. तडजोडीचे पत्र कधी आलेच नाही, आणि नवी तक्रार करायला ती माझ्याकडे आली तेव्हा दोन वर्षे उलटून चार महिने झाले होते. ती बाई ज्या शांतपणे कागद पिशवीत परत ठेवत होती ते मी विसरलो नाही, आणि म्हणूनच आपल्याला इतक्या कळकळीने लिहीत आहे.

दोन वर्षांचे हे बंधन आपल्यावर, म्हणजे तक्रारकर्त्यावर आहे. कलम 69 प्रमाणे वादकारण, म्हणजे तक्रारीचे मूळ कारण, घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. दावा नाकारल्याच्या 11 सप्टेंबरच्या पत्रापासून आपण आठ महिन्यांत आयोगात आलात, हे फार चांगले केलेत. पण तक्रार मागे घेतली तर हा बचाव संपतो. त्यानंतर कंपनीशी कितीही पत्रव्यवहार झाला तरी त्याने दोन वर्षे लांबत नाहीत. तडजोड करायची असेल तर अवश्य करावी, पण ती आयोगाच्या छताखाली व्हावी. कलम 37 मध्ये मध्यस्थीची सोय आहे. तडजोडीला वाव दिसला तर आयोग दोन्ही बाजूंना पाच दिवसांत लेखी संमती द्यायला सांगून प्रकरण मध्यस्थाकडे पाठवू शकतो. पुन्हा फोन आला तर वकीलसाहेबांना नम्रपणे एवढेच म्हणा की आकडा लेखी कळवा, आम्ही मध्यस्थीला तयार आहोत, आणि जबाब 18 जुलैच्या आत द्या.

18 जुलै उलटून गेली आणि जबाब आला नाही, तर पुढच्याच पेशीला लेखी अर्ज द्या की कंपनीचा लेखी म्हणणे देण्याचा हक्क संपुष्टात आल्याचा आदेश करून प्रकरण पुढे चालवावे. मात्र जबाब नाही म्हणजे निकाल आपल्या बाजूचा, असे समजून स्वस्थ बसू नका. तक्रार पुराव्यानेच सिद्ध करावी लागते, आणि जबाब नसला तरी कंपनीचे वकील युक्तिवादात आपल्या कागदांतल्या उणिवांवर बोट ठेवू शकतात. बहिणीचे पुराव्याचे शपथपत्र, मृत्यूचा दाखला, पगारपत्रके, विम्याचे सभासद प्रमाणपत्र आणि नाकारल्याचे पत्र हे सर्व वेळेवर फाइलला लावा.

आपल्या प्रकरणात निर्णायक कागद गिरणीकडे आहेत. ‘प्रत्यक्ष कामावर हजर’ ही अट गट विम्यात नेहमी आढळते. ती सहसा नव्याने सामील होणाऱ्या कामगारासाठी घातलेली असते. आधीपासून सभासद असलेल्या माणसाला ती नूतनीकरणाच्या दिवशी लागू होते का, हे मूळ पॉलिसीच्या शब्दांवर ठरेल, आणि मूळ पॉलिसी गिरणी व कंपनी यांच्याकडेच असते, कामगाराला तिची पाने कधी दिसत नाहीत. म्हणून मूळ पॉलिसी, मागील वर्षांची सभासद यादी, हजेरीपट आणि रजेची नोंदवही हजर करण्याचा आदेश गिरणीला व कंपनीला द्यावा, असा अर्ज 3 जुलैलाच करा. हप्ता मालकाने भरला, कामगाराने नाही, तेव्हा तुम्ही ग्राहकच नाही, असा मुद्दा कोणी काढला तर कायद्यातली ‘ग्राहक’ची व्याख्या दाखवा, सेवेचा लाभ ज्याला मिळायचा तोही तीत येतो.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. भाटव्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर 1976 च्या ठेव संलग्न विमा योजनेखाली वारसाला वेगळी रक्कम मिळते, आणि 28 एप्रिल 2021 पासून तिची कमाल मर्यादा 7 लाख रुपये आहे. तिचा हप्ता फक्त मालक भरतो, म्हणून पगारपत्रकावर ती दिसत नाही आणि अनेक घरांना तिचा पत्ताच नसतो. काही कारखाने या योजनेतून सूट घेऊन तिच्याऐवजी स्वतःचा गट विमा घेतात. ती सूट कामगाराला कमी लाभ देऊन मिळत नाही. आपल्या गिरणीचा गट विमा त्या योजनेशिवायचा वेगळा होता की तिच्या बदल्यात होता, हे गिरणीला लेखी विचारा. उत्तर काहीही आले तरी ते बहिणीच्या उपयोगाचे आहे.

प्रश्न : वडील एका खाजगी कंपनीत सुरक्षारक्षक होते आणि कामावर जाताना अपघातात वारले. कंपनीने काढलेल्या गट अपघात विम्याची आमची तक्रार गडचिरोलीच्या जिल्हा आयोगाने फेटाळली. अपील 45 दिवसांत करायचे असते हे आम्हाला आता कळले आणि 45 दिवस होऊन 19 दिवस वर झाले आहेत. निकालाची प्रत उशिरा आली, मग रोवणी (भाताची लावणी) सुरू झाली, आठवडाभर नाल्याला पूर असल्याने एस.टी. बंद होती, नंतर आईला मलेरिया झाला. मागील अंकात आपण लिहिले होते की आयोगाच्या मुदती कडक असतात. मग आमचे सगळे संपले का?
— एक वाचक, एटापल्ली तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : संपलेले नाही, पण आजपासून एकही दिवस वाया घालवू नका.

इथे आकडा पुन्हा 45 चाच आहे, पण त्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे. विरुद्ध पक्षाच्या जबाबाबद्दल कायदा म्हणतो की 15 दिवसांपेक्षा अधिक वाढ नाही. तिथे दार बंद केलेले आहे. अपिलाबद्दल कलम 41 म्हणते की आदेशापासून 45 दिवसांत अपील करावे, मात्र त्या मुदतीत न येण्यास पुरेसे कारण होते अशी खात्री झाल्यास राज्य आयोग नंतरही अपील घेऊ शकतो. मूळ तक्रारीच्या दोन वर्षांनाही कलम 69 मध्ये अशीच सवलत आहे. कोणत्याही मुदतीबद्दल घाबरण्याआधी किंवा निर्धास्त होण्याआधी ‘पुरेसे कारण’ हे दोन शब्द त्या कलमात आहेत का, हे पाहावे.

अपील राज्य आयोगाच्या नागपूर येथील खंडपीठाकडे करायचे आणि त्यासोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज व शपथपत्र जोडायचे. विलंब माफीचा अर्ज हा अपिलाइतकाच महत्त्वाचा कागद आहे. तो मंजूर झाल्याशिवाय अपिलाकडे कोणी पाहणार नाही. ‘अपरिहार्य कारणामुळे उशीर झाला, तरी माफ करावा’ असे ठोकळेबाज वाक्य त्यात लिहू नका. आधी उशीर नेमका किती, हे काढा : आदेशाची तारीख कोणती, मोफत प्रत कोणत्या दिवशी हाती पडली, लिफाफ्यावर टपालाचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे. प्रत हातीच नव्हती त्या दिवसांचा दोष आपल्याकडे येऊ नये, म्हणून तो लिफाफा जपून ठेवा आणि अर्जाला जोडा. त्यानंतर तारखांचा माग लावा. या तारखेपासून या तारखेपर्यंत रस्ता बंद होता, त्यासाठी एस.टी. आगाराचे किंवा ग्रामपंचायतीचे पत्र. या तारखांना आई ग्रामीण रुग्णालयात भरती होती, त्यासाठी रुग्णालयाचा कागद. या दिवशी गडचिरोलीला वकिलांना भेटलो, त्या दिवशीचे तिकीट. रोवणीचे कारण खरे आहे आणि ते लिहावे, पण त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. रस्ता आणि आजारपण ही आपल्या हाताबाहेरची कारणे पुढे ठेवावीत.

उशिराकडे कोणत्या नजरेने पाहावे, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल आजही दाखवले जातात. भूसंपादन जिल्हाधिकारी, अनंतनाग विरुद्ध कातिजी या 1987 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की प्रत्येक दिवसाचा खुलासा द्या याचा अर्थ ते तत्त्व ताठरपणे लावावे असा नाही, आणि उशीर करून पक्षकाराला सहसा काही लाभ होत नसतो. एन. बालकृष्णन विरुद्ध एम. कृष्णमूर्ती या 1998 च्या निकालात सांगितले की उशीर किती लांबीचा आहे हे महत्त्वाचे नाही, खुलासा पटण्याजोगा आहे की नाही हे महत्त्वाचे. एकोणीस दिवसांचा उशीर थोडा आहे म्हणून आपोआप माफ होणार नाही, पण एटापल्लीच्या पावसाळ्याचा खरा हिशेब कागदासह मांडला तर तो ऐकला जाण्याची चांगली आशा आहे. आदेशाने ज्याला पैसे भरायला सांगितले आहेत त्याला अपिलापूर्वी निम्मी रक्कम जमा करावी लागते. आपली तक्रारच फेटाळली गेली असल्याने तो भार आपल्यावर नाही.

विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाऊन पाहावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. आयोगात प्रकरण निकाली निघाल्यावर तो मार्ग आपल्यासाठी उरलेला नाही. ज्यांनी अजून आयोगाची पायरी चढलेली नाही त्यांना आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून, कंपनीने ती नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते आणि गट विम्याच्या तक्रारीही तिथे चालतात. मात्र तिथे गेल्याने आयोगाची दोन वर्षे थांबतात, असे धरून चालू नये.

प्रश्न : पतसंस्थेने आम्हा कर्मचाऱ्यांचा गट आरोग्य विमा काढला आहे. पुस्तिकेत छापले आहे की दावा नाकारल्यापासून 12 महिन्यांत कोर्टात न गेल्यास हक्क कायमचा संपेल. माझा दावा नाकारून 15 महिने झाले. दावा कळवायलाही मी रुग्णालयात असल्याने आठ दिवस उशीर झाला होता, तेही कारण त्यांनी दिले आहे.
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : पुस्तिकेतल्या त्या ओळीने घाबरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम 28 प्रमाणे कायद्याने दिलेली मुदत करारातून कमी करता येत नाही, आणि 1997 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ठरावीक काळ गेला की हक्कच बुडेल अशी अटही त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरते. मुदत वाढवण्यासाठी ज्याप्रमाणे पक्षांची संमती पुरत नाही, त्याचप्रमाणे ती छाटण्यासाठीही पुरत नाही. आपल्याला ग्राहक आयोगासाठी नाकारल्याच्या पत्रापासून दोन वर्षे आहेत, म्हणजे नऊ महिने हातात आहेत. ते सर्व वापरू नका.

आठ दिवसांच्या उशिराबद्दल विमा नियामक प्राधिकरणाचे 20 सप्टेंबर 2011 चे परिपत्रक तक्रारीला जोडा. टाळता न येण्याजोग्या कारणाने कळवायला किंवा कागद द्यायला उशीर झाला, एवढ्यावरून खरा दावा नाकारू नये, अशी सूचना त्यात विमा कंपन्यांना दिलेली आहे. त्यासोबत रुग्णालयात भरती झाल्याची आणि सुटी मिळाल्याची तारीख असलेला कागद लावा. तो कागद आजच रुग्णालयातून मागवून घ्या. तक्रार बुलढाण्याच्या जिल्हा आयोगात करता येईल. कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी तक्रारकर्ता राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा 2019 च्या कायद्याने दिलेली आहे.